शेजारच्या गावात का नाही? बंडखोरीची मूळ कारणं शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: सशस्त्र बंडखोरी असलेल्या भागात जाऊन एका संस्थेसाठी तिची मूळ कारणं शोधायची आहेत. तिघांची तुकडी आणि सहा आठवडे हाताशी आहेत. पण पहिल्या गाठीभेटींत जो तो "गरिबी, बेरोजगारी, विकास नाही" एवढंच सांगतो. याच्या पुढे कसं जायचं, आणि शेवटी शिफारशी करायच्या का?

लोक खोटं सांगत नाहीयेत. "पोरं बंडखोरांकडे का जातात?" या प्रश्नाचं हे उत्तर अशा भागात प्रत्येकाकडे तयार असतं. गावकऱ्याला ते सुरक्षित वाटतं. अधिकाऱ्याला सोयीचं वाटतं, कारण त्यात कुणाचंच नाव येत नाही. बाहेरून आलेल्याला ते लगेच पटतं, कारण गरिबी समोर दिसत असते. गरीब देशांत यादवी जास्त होते हे आकडेवारीतही दिसतं. पण देशापुरतं खरं असलेलं विधान गावाला लावलं की फसतं. एकाच डोंगराच्या एका अंगाची वीस पोरं बंदूक घेऊन गेलेली असतात आणि दुसऱ्या अंगाचं एकही गेलेलं नसतं; जमीन तीच, पीक तेच, कर्जही तेवढंच. तेव्हा तुम्हाला शोधायचंय ते हे: इथेच का, तेव्हाच का, आणि याच घरांतून का?

पुढचं सगळं कुठेही जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. संघर्ष दोन वर्षांचा आहे की पंचवीस, गावावर रात्री कुणाचा ताबा असतो, आणि तुमच्या संस्थेकडे लोक कुणाची माणसं म्हणून बघतात, या तीन गोष्टींवर बरंच ठरतं. तिसरी गोष्ट आधी तपासा. लोक तुम्हाला सरकारी समजत असतील तर मिळालेली निम्मी उत्तरं तक्रारअर्ज असतील. बंडखोरांच्या बाजूचे समजत असतील तर ती निष्ठेची ग्वाही असेल.

कारणांचे थर वेगळे करणं म्हणजे काय, हे मिझोरमच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. तिथे साधारण ४८ वर्षांनी बांबूला एकदम फुलोरा येतो. उंदरांची पैदास अफाट वाढते, ते शेतं आणि कणग्या फस्त करतात आणि दुष्काळ पडतो. याला तिथे माउताम म्हणतात. १९५९ च्या माउतामआधी जिल्हा परिषदेने इशारा दिला होता, पण आसाम सरकारने (मिझोरम तेव्हा आसामातच होता) तो मनावर घेतला नाही. दुष्काळात गावोगावी धान्य पोचवायला १९६० मध्ये एक मदत संघटना उभी राहिली. १९६१ मध्ये तिचाच मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष झाला आणि फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस त्याने सशस्त्र उठाव केला. एवढंच वाचलं तर कोणीही म्हणेल, कारण दुष्काळ. पण २००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला, उंदीर पुन्हा आले, पिकं पुन्हा गेली आणि उठाव झाला नाही. मधल्या काळात १९८६ चा करार झाला होता, १९८७ मध्ये स्वतंत्र राज्य मिळालं होतं आणि २००७ मध्ये सत्तेवर होता तोच मिझो नॅशनल फ्रंट.

म्हणजे दुष्काळ ही ठिणगी होती. त्याखाली जुना सल होता: लांबचं सरकार आपलं ऐकत नाही, आणि १९६० मध्ये आसामी राजभाषा करून त्याने ते पक्कंच केलं. संघटना आली ती धान्य वाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यातून. पुढे मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर हवाई हल्ले झाले, १९६७ पासून गावं उठवून एकत्र वसवली गेली, आणि त्यातून नवीनच कारणं जन्माला आली. १९५९ मध्ये ती अस्तित्वातही नव्हती. सल, ठिणगी, संघटना आणि आग टिकवून ठेवणारी कारणं, असे हे चार थर. ज्या अहवालात ते एकत्र कालवलेले असतात, त्यातल्या शिफारशी हमखास चुकीच्या थराला लागू होतात. दोन वर्षांच्या संघर्षात सल आणि ठिणगी शोधण्यावर भर द्या. पंचवीस वर्षांच्या संघर्षात चौथा थर बहुतेक वेळा पहिल्याला झाकून टाकतो. आज बंदूक हातात असलेल्या पोराला मूळ मागण्या धड माहीतही नसतात, आपला भाऊ कसा मेला हे मात्र पक्कं माहीत असतं.

या चौथ्या थराबद्दल पुरावा भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आफ्रिकेतल्या हिंसक गटांत गेलेल्यांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःहून गेलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी शेवटचा धक्का म्हणून सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं, उदाहरणार्थ घरचं किंवा ओळखीचं माणूस मारलं जाणं किंवा पकडलं जाणं. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये विनाखटला स्थानबद्धता सुरू झाली. पहिल्याच दिवशी ३४२ जणांना उचललं, जुन्या याद्यांवरून आणि जवळपास सगळे कॅथलिक समाजातून. हिंसा थांबावी म्हणून ही मोहीम होती. १९७२ हे त्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. नेपाळमध्ये रोल्पा जिल्ह्यात पोलिसांची 'रोमियो' मोहीम १९९५ च्या नोव्हेंबरात झाली आणि माओवाद्यांचं युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये पुकारलं गेलं. तारखांचा हा क्रम ध्यानात ठेवा. गावात तुम्हाला असाच क्रम लावायचा आहे.

आता प्रत्यक्ष काम. आठ गावं निवडा, चार जोड्यांत. जोडीतल्या दोन्ही गावांचा समाज, भूभाग, रस्त्यापासूनचं अंतर आणि जमीनधारणा शक्य तितकी सारखी हवी. फरक फक्त एकाच गोष्टीत हवा, एका गावातून बरेच लोक बंडखोरांत गेलेत आणि दुसऱ्यातून कमी किंवा कुणीच नाही. ही माहिती शिक्षक, आरोग्य कर्मचारी, बसचालक आणि जुनी वर्तमानपत्रं यांच्याकडून जुळवा. पोलिसांची यादी जरूर घ्या, पण ती पोलीस कुठे गेले हे सांगते, बंडखोर कुठून आले हे सांगेलच असं नाही. प्रत्येक गावात चार दिवस आणि बारा ते पंधरा संभाषणं. त्यानंतर नवं काही निघणं बहुधा थांबतं. सहा आठवड्यांतले बत्तीस दिवस यात जातील. उरलेले दहा कागदपत्रांना आणि दोन गावांच्या दुसऱ्या फेरीला राखून ठेवा. वेळ कमी पडला तर एक जोडी गाळा, गावातले दिवस कापू नका. पहिल्या दिवशी कुणी काही सांगत नाही, आणि त्या दिवशी विचारायचंही काही नसतं.

"का" हा शब्द प्रश्नावलीतून काढून टाका. "का"ला मत मिळतं, "कधी"ला आणि "मग काय झालं"ला घटना मिळतात. गावाची पंधरा-वीस वर्षांची कालरेषा बनवा. साल बहुतेकांना आठवत नाही, पण पूर आला ते वर्ष, शाळा सुरू झाली ते वर्ष, अमक्या निवडणुकीच्या आधी, मोठा मुलगा झाला तेव्हा, असं बरोबर आठवतं. त्या रेषेवर चार खुणा करा: हत्यारवाले पहिल्यांदा कधी आले, गावातलं पहिलं माणूस कधी गेलं, पहिली अटक कधी झाली, पहिला मृत्यू कधी झाला. जाणाऱ्यांची लाट अटकेनंतर आली असेल तर ठिणगी तिथे शोधा. अटकेच्या आधीच आली असेल तर कुणीतरी आधी येऊन बसलं होतं. मग वसतिगृह, मजुरीची टोळी, नातं यांपैकी कोणत्या धाग्याने माणसं ओढली गेली ते बघा. पहिले चार-पाच जण एकमेकांचे कोण लागत होते, एवढ्या एका प्रश्नाने संघटनेचा थर बराच उघडतो.

दुसरं साधन म्हणजे शेवटचं भांडण. प्रत्येकाला विचारा: गावात अलीकडे जमिनीवरून, पाण्यावरून, गुरांवरून किंवा लग्नावरून जो वाद झाला, तो आधी कुणाकडे नेला? किती खेपा पडल्या, किती दिवस गेले, किती पैसे गेले, निकाल लागला का, आणि लागला तर तो कुणी पाळला का? कागदावर नोंद साधारण अशी उतरते: बांधावरून वाद. मोजणीचा अर्ज. चौदा महिने, सात खेपा, दोनदा हात ओले केले, मोजणीवाला आलाच नाही. मग एका रात्री बंडखोरांची बैठक. दोघांना समोरासमोर बसवलं, म्हाताऱ्यांना बांध कुठे होता ते विचारलं, दगड रोवला, तो हलवला तर काय होईल ते सांगितलं. दोन तासांत विषय संपला.

अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की "प्रशासनाचा अभाव" या गुळगुळीत शब्दांच्या जागी नेमकं कार्यालय, नेमकी पायरी आणि नेमका विलंब हाती येतो. अफगाणिस्तानात तालिबानच्या फिरत्या न्यायालयांना गिऱ्हाईक मिळालं ते याच कारणाने. जमिनीचे वाद तिथे झटपट आणि लाच न देता सुटायचे. पण वाद हरलेल्याकडेही जाच. रात्रीच्या निकालाला त्याने मान तुकवली ती पटलं म्हणून की जिवाच्या भीतीने, हे तोच सांगू शकतो, आणि बहुतेक अहवालांत तो नसतोच. जे न्याय देतात तेच खंडणी घेतात आणि खबऱ्या म्हणून माणूस मारतात. दोन्ही एकाच वहीत लिहा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटते: बंडखोरांनी गावात आल्यावर पहिला हात कुणावर टाकला? सावकारावर, वनरक्षकावर, ठेकेदारावर की चोरावर? कुणाची कागदपत्रं जाळली? नवख्या संघटनेला लोकांची मर्जी हवी असते, म्हणून ती गावाचा आधीपासूनचा राग हेरून तिथेच वार करते. पेरूच्या आयाकुचो भागात 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेने सुरुवातीला गुरं चोरणाऱ्यांना शिक्षा केल्या आणि गावं खूश झाली. पुढे त्यांनीच आठवडी बाजार बंद पाडले, गावच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांना मारलं, आणि तीच गावं गस्ती पथकं काढून त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. पहिल्या वाराने गावाचा सल कळतो, पाठिंबा कुठे तुटला त्यावरून त्या सलाची मर्यादा कळते.

बंडखोरांची पत्रकंही वाचा, पण मागण्यांचा क्रम बघत. २००८ च्या नोव्हेंबरात पश्चिम बंगालमध्ये मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यावर स्फोट झाला. त्यानंतरच्या पोलिसी छाप्यांवरून लालगढचा आदिवासी भाग पेटला. तेव्हाच्या मागण्यांत पोलीस अधिकाऱ्यांनी कान धरून माफी मागावी ही एक होती. सडक, वीज, रोजगार हे शब्द वापरून या मागणीचं भाषांतर होत नाही. लालगढचा हिशेब अपमानाचा होता. त्याच राज्यात १९६७ मध्ये नक्षलबारीचा वाद वाटेकऱ्यांच्या जमिनीचा होता, आणि १९७८ पासून ऑपरेशन बर्गामध्ये वाटेकऱ्यांची नावं नोंदवली गेली. जमिनीच्या प्रश्नावरचं ते उत्तर लालगढच्या कामाचं नव्हतं. राज्य एकच, झेंडाही लाल, पण कारणं वेगळी.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जोड्यांनी गावं निवडायची, "का" न विचारता क्रम लावायचा, वादांचा माग काढायचा आणि पहिला वार बघायचा. आता हे बिघडतं कुठे ते.

शरण आलेल्यांच्या मुलाखती सहज मिळतात, म्हणून लोक त्यांवरच अहवाल लिहितात. शरण आलेल्या माणसाला पुनर्वसनाचा हप्ता यायचा असतो. "फसवून नेलं होतं" हेच तो सांगणार. त्याच्याकडून "कसं" घ्या: पहिली ओळख कुणी करून दिली, पहिले सहा महिने काय काम दिलं, हत्यार कधी दिलं. "का" घेऊ नका. दुसरं, पुरुषांच्या बैठकीवर गाव उरकू नका. बायकांची कारणं बऱ्याचदा निराळी निघतात; ठरवलेलं लग्न, घरातली मारहाण, पोलिसी झडतीत झालेली विटंबना. ही पुरुषांसमोर निघत नाहीत आणि पुरुष दुभाष्यासमोर तर नाहीच. तिसरं, दुभाषा कोणत्या घरचा आहे हे गावाला तुमच्याआधी माहीत असतं. दोन दुभाषे ठेवा आणि एकाच माणसाला दोघांकरवी एखादा साधा प्रश्न विचारून बघा.

गावांना गुण द्यायचा मोह टाळा. व्हिएतनाममध्ये १९६७ पासून वाड्यावस्त्यांना दरमहा 'ए' ते 'ई' अशा श्रेणी दिल्या जात. श्रेणी ठरवणाऱ्या अमेरिकी सल्लागाराचं स्वतःचं काम त्याच श्रेणीवरून जोखलं जायचं. साहजिकच श्रेणी सुधारत गेल्या.

उत्पन्नाबाबतही एकच नियम धरू नका. कोलंबियात कॉफीचे भाव पडले तेव्हा कॉफीच्या भागात हिंसा वाढली, आणि तेलाचे भाव चढले तेव्हा तेलाच्या भागात वाढली. कॉफीत मजुरी बुडाली की बंदूक परवडते. तेलात लुटण्याजोगा पैसा वाढतो. तेव्हा गरिबी लिहायचीच असेल तर कुणाचं, कोणतं उत्पन्न, कधी बुडालं, आणि त्या वेळी बंडखोर काय देऊ करत होते, एवढं लिहा. बाहेरचा पैसा, सीमेपलीकडचा आसरा आणि विचारसरणी यांचा शोध गावात घेऊ नका. त्याने संघटना कशी टिकते ते कळतं, पण त्याची माहिती वेगळ्या ठिकाणी असते आणि गावात तो विषय काढणं धोक्याचं आहे.

धोक्याचं निघालंय तर, यात तडजोड नको. वहीत एकही नाव नाही, फक्त खुणा, आणि खुणांची किल्ली गावात आणायचीच नाही. आवाज मुद्रित करू नका, जमलेल्यांचे फोटो काढू नका. पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका, त्यांच्या ठाण्यात मुक्कामही नको. एकाच घरात रोज बसू नका, नाहीतर तुम्ही गेल्यावर त्या घराला जाब द्यावा लागेल. आत्ता कोण बंडखोरांत आहे, ते कुठे असतात, कोण भाकरी देतं, हे कधीच विचारायचं नाही. कुणी आपणहून सांगू लागलं तर थांबवा. बोलताना एखादा अनोळखी येऊन नुसताच बसून राहिला तर विषय पाण्यावर आणा आणि दहा मिनिटांत उठा.

प्रत्येक कारण अहवालात साखळी म्हणून लिहा. "विकासाचा अभाव" असं न लिहिता, उदाहरणार्थ: अमक्या साली जंगलाची हद्द आखली, कसणाऱ्यांची नोंद झाली नाही, दंड आणि गुन्हे सुरू झाले, तरुणांवरचे खटले वर्षानुवर्षं चालले, तारखेला जाणं सोडलेले फरार ठरले, फरारांना आसरा देणारे आधीच आले होते. या साखळीची प्रत्येक कडी वेगळी तपासता येते. वनखात्याची गुन्ह्यांची नोंदवही, न्यायालयातल्या तारखा, अटकेच्या नोंदी आणि तुमची कालरेषा जुळतात का बघा. मग तीच साखळी जोडीतल्या शांत गावाला लावा. तिथेही हद्द आखली, दंड झाले आणि तरी कुणी गेलं नाही, तर कुठली कडी तुटली ते शोधा. कदाचित तिथल्या कुणा शिक्षकाने तारखांना माणसं नेली असतील, कदाचित वकील मिळाला असेल. त्या तुटलेल्या कडीतच बहुधा सगळ्यांत स्वस्त उपाय सापडतो. आणि दोन्ही गावांत साखळी तंतोतंत सारखी निघाली, तर तुम्ही शोधलेलं कारण खरं कारण नाही. ते अहवालातून काढा, कितीही आवडलं असलं तरी.

शिफारशींबद्दलही विचारलंय. करा, पण कारण सापडलं म्हणजे त्यावर निधी ओतला की काम झालं, असं नसतं. फिलिपिन्समध्ये गावविकासाच्या एका मोठ्या कार्यक्रमाला पात्र ठरलेल्या नगरपालिकांत सुरुवातीच्या टप्प्यात संघर्षातले बळी उलट वाढले, कारण योजना यशस्वी झाली तर आपला पाया जाईल म्हणून बंडखोरांनी ती उधळायला हल्ले केले. म्हणून प्रत्येक शिफारशीपुढे तीन रकाने ठेवा: ती चारपैकी कोणत्या थराला लागू आहे, अंमलबजावणी कोणतं कार्यालय करणार (सल निर्माण करणारं तेच कार्यालय आहे का, हेही लिहा), आणि ती सुरू झाल्यावर कुणाचं काय जाणार. तिसऱ्या रकान्यात फक्त बंडखोरांची नावं आली तर पुन्हा एकदा गावात जा. ठेकेदार, दलाल, कारकून यांपैकी कुणीतरी राहिलंय. पहिल्या पानावर माहिती गोळा केल्याचे महिने ठळक लिहा, आणि त्यानंतर त्या भागात मोठी चकमक किंवा सामूहिक अटक झाली तर कालरेषा नव्याने काढल्याशिवाय हा अहवाल वापरू नये, अशी ओळ त्याखाली टाका.